दुभंगलेली घरे आणि महाविद्यालयीन विद्यार्थी

(बी. ए. द्वितीय वर्षातील एका विद्यार्थिनीचा लेख)

प्रथम वर्षाला असताना समाजशास्त्राच्या तासाला सरांनी आम्हांला 'कुटुंबसंस्था' हे प्रकरण शिकविले. कुटुंबाची व्याख्या, कुटुंबाची कार्ये, संयुक्त कुटुंब व केंद्र कुटुंब हे सारे आम्ही वहीत उतरवून घेतले. प्रकरणाच्या शेवटी 'कौटुंबिक विघटन' या मथळ्याखाली घटस्फोटाची कारणे होती : औद्योगिकीकरण, शहरीकरण, स्त्रियांचे आर्थिक स्वातंत्र्य आणि पाश्चात्त्य विचारांचा प्रभाव. परीक्षेत नेमका हाच प्रश्न आला. मी चारही कारणे क्रमवार लिहिली व मला गुणही चांगले मिळाले. परंतु त्या दिवशी एस.टी.ने घरी परतताना माझ्या मनात एक विचार आला. माझी आई चौथी शिकलेली आहे. आमच्या गावात कारखाना नाही. धानाच्या बांध्या आहेत, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्ता आहे. पाश्चात्त्य विचार गावाच्या शिवेपर्यंतही आलेला नसावा. मग आमचे घर कशाने मोडले?

या प्रश्नाचे उत्तर मला अजून पूर्णपणे सापडलेले नाही. पण त्याच्या शोधात मी जे वाचले, ज्यांच्याशी बोलले आणि स्वतः जे अनुभवले, ते आपल्या वार्षिकांकातून मित्र-मैत्रिणींसमोर आणि गुरुजनांसमोर ठेवावे असे वाटले. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. तेव्हा विवेचनात काही उणिवा राहिल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे, ही विनंती.

शब्दांविषयी थोडेसे

'घटस्फोट' हा शब्द मी प्रथम पुस्तकात वाचला. आमच्या परिसरात तो क्वचितच कोणाच्या तोंडी येतो. आमच्याकडे म्हणतात, 'त्याने तिला सोडली', 'ती माहेरी बसली', 'ते नांदत नाहीत', 'त्यांची फारकत झाली'. फारकत किंवा फारखती हा मूळचा व्यवहारातला शब्द होय. देणेघेणे संपले, आता एकमेकांवर हक्क उरला नाही, असे लिहून दिलेला कागद म्हणजे फारखती. याहून जुना शब्द 'काडीमोड'. काडी मोडली की नाते मोडले, अशी रीत त्या शब्दातच दडलेली आहे.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. घटस्फोट ही शहरातून किंवा परदेशातून आलेली नवी चाल आहे, असे जे आपण समजतो ते सर्वस्वी खरे नाही. आपला चंद्रपूर जिल्हा इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात होता. त्या प्रांतातील जाति-जमातींची माहिती रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली चार खंडांत प्रसिद्ध केली. शेतकरी, कारागीर व आदिवासी समाजांपैकी अनेकांत फारकत आणि पाट म्हणजे पुनर्विवाह या दोन्ही गोष्टींना मुभा होती, असे त्यात दिसते. घटस्फोटाची बंदी मुख्यतः वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींत होती. पुढे शिक्षणाबरोबर त्यांच्या प्रतिष्ठेच्या कल्पना आपल्याकडेही आल्या. जे आजीच्या आजीला सहज होते, ते आज आपण वर्गात सांगायला लाजतो.

कायद्याचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांनी १९३१ साली हिंदू स्त्री-पुरुषांसाठी घटस्फोटाचा कायदा केला. मुंबई प्रांतात तसा कायदा १९४७ साली झाला. परंतु चंद्रपूर त्या प्रांतात नसल्याने तो येथे लागू नव्हता. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सर्व हिंदूंना न्यायालयातून घटस्फोट घेण्याची सोय केली आणि १९७६ च्या दुरुस्तीने परस्पर संमतीचा मार्ग खुला झाला. याच कायद्याच्या २९ व्या कलमाने ज्या समाजात फारकतीची जुनी रूढी आहे, तिथे ती रूढी कायम ठेवली. अनुसूचित जमातींना तर हा कायदा सरकारने तशी खास अधिसूचना काढल्याशिवाय लागूच होत नाही. त्यांचे विवाह त्यांच्या रूढीप्रमाणे चालतात. मात्र वाद उत्पन्न झाला तर अशी रूढी आपल्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करावे लागते. नुसते मुद्रांकाच्या कागदावर सह्या-अंगठे केले म्हणजे फारकत पक्की झाली, हा समज चुकीचा आहे.

आकड्यांत न मावणारे

२०११ च्या जनगणनेत भारतात घटस्फोटित म्हणून नोंदविलेल्या व्यक्ती सुमारे १३ लाख ६० हजार होत्या. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा लहानच म्हणावा लागेल. परंतु त्याच जनगणनेत 'विभक्त' असा दुसरा रकाना आहे आणि त्यातील संख्या सुमारे ३५ लाख, म्हणजे घटस्फोटितांच्या अडीच पटीहून अधिक आहे. दोन्ही रकान्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे. पुरुष पुन्हा लग्न करून 'विवाहित' या रकान्यात जातो. स्त्री पुष्कळदा तशीच राहते.

याचा अर्थ असा की, आपल्या देशात न्यायालयात जाऊन वेगळे होणाऱ्यांपेक्षा काहीच न करता वेगळे राहणारे अधिक आहेत. अशा स्त्रियांना 'परित्यक्ता' म्हणतात. त्यांचा प्रश्न घेऊन १९८८ साली संगमनेर येथे समता आंदोलनाने परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरविली होती. शासनाच्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेतही अशा स्त्रियांचा विचार केलेला आहे. पण या स्त्रियांबरोबर माहेरी आलेली मुले कोठे मोजली जातात? मी पाहिलेल्या झाडीपट्टीच्या नाटकांत सोडलेल्या बाईचे पात्र बरेचदा असते, तिच्या दुःखावर प्रेक्षक रडतात. तिचे लेकरू मात्र पहिल्या अंकात रडून जाते ते शेवटच्या अंकात एकदम नोकरीवर लागून परत येते. मधली वर्षे पडद्यामागेच राहतात. या लेखाचा विषय ती मधली वर्षे हा आहे.

अभ्यासक काय म्हणतात

या विषयावर सर्वांत अधिक संशोधन अमेरिकेत झाले. ज्युडिथ वॉलरस्टीन या विदुषींनी १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात घटस्फोट झालेल्या ६० कुटुंबांतील १३१ मुलांचा अभ्यास हाती घेतला आणि त्यांतील अनेकांची पुढे पंचवीस वर्षे विचारपूस केली. त्यांचे म्हणणे असे की, आघाताचा परिणाम लहानपणी दिसतोच, पण कित्येकांत तो दबून राहतो आणि तारुण्यात प्रेम, लग्न, विश्वास यांचे प्रश्न उभे राहिले की वर येतो. मुलींच्या बाबतीत त्यांना हे विशेष जाणवले. त्यांच्या अभ्यासावर आक्षेपही घेण्यात आले. कुटुंबे थोडी, बहुतेक सुस्थितीतील, आणि एकत्र राहणाऱ्या कुटुंबांशी तुलना नाही, असे ते आक्षेप होत.

मॅव्हिस हेदरिंग्टन यांनी तीसेक वर्षे सुमारे १४०० कुटुंबांचा अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्या सांगतात की, घटस्फोटित घरांतील सुमारे २५ टक्के मुलांत गंभीर स्वरूपाच्या मानसिक व सामाजिक अडचणी आढळल्या. न मोडलेल्या घरांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. या आकड्यांकडे दोन बाजूंनी पाहता येते. धोका अडीचपट आहे हे खरे. आणि शंभरांतील पंचाहत्तर मुले सावरतात हेही तितकेच खरे. पॉल अ‍ॅमेटो व ब्रूस कीथ यांनी १९९१ मध्ये ९२ संशोधनांचा एकत्र आढावा घेतला. अभ्यासातील प्रगती, वर्तन, आत्मसन्मान या बाबतींत घटस्फोटित घरांतील मुले सरासरीने मागे असली तरी दोन्ही गटांतील अंतर लहान आहे, असे त्यांना आढळले. म्हणजे 'मोडक्या घरचे पोर, ते बिघडणारच' या गावच्या न्यायाला शास्त्राचा आधार नाही.

१९९५ साली अ‍ॅमेटो यांनी आपल्या दोन सहकाऱ्यांसह आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. ज्या घरात रोज भांडण, मारझोड होती, तेथील मुले आईवडील वेगळे झाल्यावर मोठेपणी तुलनेने बरी निघाली. उलट जिथे बाहेरून सारे ठीक दिसत होते आणि एके दिवशी अचानक घर मोडले, तिथल्या मुलांना धक्का जास्त बसला. पहिल्यांना सुटका मिळाली. दुसऱ्यांना कारणच कळले नाही.

महाविद्यालयीन वयाचा विचार करताना एरिक एरिक्सन यांचे मत उपयोगी पडते. १९५० साली त्यांनी माणसाच्या आयुष्याच्या आठ अवस्था सांगितल्या. किशोरवयात 'मी कोण?' या प्रश्नाचे उत्तर शोधायचे असते आणि त्यानंतर दुसऱ्याशी जवळीक साधायची असते. आपण सारे नेमके या दोहोंच्या उंबरठ्यावर उभे आहोत. 'मी कोण?' याचे अर्धे उत्तर ज्याच्याकडे आहे तो माणूसच हाकेच्या अंतरावर नसेल, तर प्रश्न जरा अवघड होतो इतकेच.

माझे स्वतःचे उदाहरण

मी सात वर्षांची, दुसरीत होते. रोवणे आटोपल्यावर आई मला व धाकट्या भावाला घेऊन पोंभुर्णा तालुक्यातील आपल्या माहेरी आली. 'चार दिवस राहू' असे ती म्हणाली होती. मी चार दिवस मोजले, मग मोजणे सोडले. दिवाळीनंतर मामांनी माझा शाळेचा दाखला आणून गावच्या शाळेत नाव घातले, तेव्हा आता परत जायचे नाही हे मला समजले. कोणी सांगितले नाही, दाखल्याने सांगितले.

वडील वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यातील चामोर्शी तालुक्यात राहतात. दर महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. आबाजी आम्हांला घेऊन जात. सगळी मुले पाळण्याकडे धावत आणि मी गर्दीतील पुरुषांच्या तोंडांकडे पाहत राही. आपल्या वडिलांचे गाव जवळच आहे, ते आलेच असतील, असे मला वाटे. घरी येऊन मी हे कोणाला सांगितले नाही. वडील गेले असते तर घरात त्यांचा फोटो लागला असता, त्याला हार घातला गेला असता, मी रडले असते. ते आहेत, पण नाहीत. रडायचे की वाट पाहायची, हेच कळत नव्हते.

पुढे पाच वर्षांनी मामांच्या अंगणात दोन्हीकडची माणसे बसली आणि फारकत लिहिली गेली. त्या दिवशी मला व भावाला शेजारी टी.व्ही. पाहायला पाठविले होते. तो कागद मी बारावीनंतर आईच्या पेटीत पाहिला. त्यात भांड्यांचा हिशेब होता, आईच्या अंगावरच्या डागिन्यांचा हिशेब होता. आमच्याविषयी एक ओळ होती : 'मुले आईजवळ राहतील.'

पॉलीन बॉस या अमेरिकन अभ्यासिकेने अशा स्थितीला 'अनिश्चित वियोग' या अर्थाचे नाव दिले आहे. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांच्या अभ्यासाची सुरुवात झाली आणि १९९९ साली या विषयावरचे त्यांचे पुस्तक निघाले. गेलेला माणूस गेला हे निश्चित नसते, म्हणून शोक पूर्ण होत नाही आणि आशाही सुटत नाही. हे वाचले तेव्हा मला मार्कंड्याची जत्रा आठवली. माझ्या मते आपल्या भागातील मुलांच्या दुःखाचे मूळ येथे आहे. कॅलिफोर्नियातील मुलाला निदान न्यायालयाची तारीख ठाऊक असते. आपल्याकडचे मूल वर्षानुवर्षे अधांतरी राहते.

अर्जातील रकाना

ही अधांतरी स्थिती महाविद्यालयात आल्यावर एका वेगळ्याच रूपाने समोर येते. शिष्यवृत्तीच्या अर्जात प्रश्न होता : 'वडील हयात आहेत काय?' होय किंवा नाही. मी 'होय' लिहिले. मग त्यांचा व्यवसाय आणि त्यांचे उत्पन्न विचारले. मला त्यांपैकी काहीही माहीत नव्हते. एका कार्यालयात खिडकीपलीकडील गृहस्थ म्हणाले, "वडील आहेत तर त्यांनाच घेऊन ये." माझ्या मागे पंधरावीस जण रांगेत उभे होते. मी कागद गोळा करून निघून आले आणि पुढे आठ दिवस महाविद्यालयात आले नाही. त्या आठ दिवसांना अभ्यासक कोणत्या रकान्यात घालतील, कोण जाणे.

जातीच्या दाखल्याची अडचण तर याहून मोठी. इतर मागास वर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि तो सहसा वडिलांच्या बाजूचा, म्हणजे आजोबांच्या शाळेच्या दाखल-खारीज नोंदीसारखा असतो. तेव्हा गेल्या वर्षी मी व मामा गोंडपिपरीवरून आष्टीच्या पुलाने वैनगंगा ओलांडून वडिलांच्या गावी गेलो. दहा-अकरा वर्षांनी मी त्यांना पाहत होते. ते माझ्या आठवणीपेक्षा बुटके होते. त्यांच्या दुसऱ्या पत्नीने चहा दिला. वडिलांनी विचारले, "बारावी झाली का वो बाई?" मी म्हटले, "बी. ए. पहिल्या वर्षाला आहे." ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग आमच्याबरोबर शाळेत आले, आजोबांची नोंद शोधून देईपर्यंत बाकावर बसून राहिले. निघताना पाचशे रुपये हातात देऊ लागले. मी घ्यावे की नको या विचारात असताना मामा म्हणाले, "घे, बापाचे आहेत."

वाचकांना वाटेल, मी त्या दिवशी फार रडले असेन. तसे झाले नाही. परतताना पुलावर मला हलके वाटले. एवढी वर्षे मनात जो माणूस कधी राक्षस तर कधी देव होऊन वावरत होता, तो एक साधा, थकलेला, ओशाळलेला माणूस निघाला. त्यानंतरच्या महाशिवरात्रीला मी जत्रेत प्रथमच दुकाने पाहिली.

मित्र-मैत्रिणींकडून ऐकलेले

या लेखासाठी मी अशाच घरांतून आलेल्या काही जणांशी बोलले. ही शास्त्रीय पाहणी नव्हे. तेव्हा टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. त्यांची नावे-गावे मी मुद्दामच देत नाही. पण त्यांच्या बोलण्यात काही गोष्टी पुनःपुन्हा आल्या.

पहिली गोष्ट म्हणजे लपविण्याची सवय. 'बाबा बाहेरगावी असतात' हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाने कधीतरी वापरले आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी आपल्याकडची पुष्कळ माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यामुळे ते खपूनही जाते. परंतु एक खोटे सांभाळायला दुसरे सांगावे लागते आणि मग मैत्रिणीला घरी बोलावण्याचीही भीती वाटू लागते. वर्गात जी मुलगी सदा हसते, सर्वांचे ऐकते, कोणाशी वाद घालत नाही, ती स्वभावाने तशी असेलच असे नाही. भांडण झाले की माणूस निघून जातो, हा धडा तिने लहानपणी घेतलेला असतो.

दुसरी गोष्ट अकाली प्रौढपणाची. एक मित्र सतराव्या वर्षापासून घरचा कर्ता आहे. सकाळी तासिका, दुपारनंतर मजुरी, रात्री बहिणीचा अभ्यास. शिक्षक त्याला समंजस म्हणतात. तो मला म्हणाला, "समंजस नाही, मला वेळच नाही मूल व्हायला." मुलींच्या वाट्याला हेच आईची मैत्रीण, किंबहुना आईची आई होण्याच्या रूपाने येते.

तिसरी गोष्ट विवाहाविषयीच्या भीतीची. वॉलरस्टीनबाईंनी सांगितलेली भीती आमच्याकडेही आहे, पण तिला एक व्यावहारिक बाजू आहे. सोयरीक जुळविताना पाहुणे विचारतात, "मुलीची आई नांदत होती का?" आईची परीक्षा मुलीच्या नावाने पुन्हा घेतली जाते.

चौथी गोष्ट मला सर्वांत विचार करायला लावणारी वाटली. एका मैत्रिणीचे आईवडील एकत्र राहतात. वडिलांना दारूचे व्यसन आहे. आपल्या जिल्ह्यात स्त्रियांच्या मोठ्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी झाली होती, ती २०२१ मध्ये उठली. तिच्या घरात मात्र बंदी होती तेव्हाही दारू होती आणि उठल्यावरही आहे. ती म्हणाली, "तुझे बरे आहे, तुमच्या घरी रात्री झोपता तरी येते." तिचे घर जनगणनेच्या कोणत्याही वाईट रकान्यात येत नाही. अ‍ॅमेटो यांचा निष्कर्ष मला ग्रंथापेक्षा तिच्या या वाक्याने अधिक कळला.

आणि चांगले काहीच नाही काय? आहे. यांपैकी बहुतेकजण पैशाचा हिशेब चोख ठेवतात, दुसऱ्याचे दुःख लवकर ओळखतात, दिलेला शब्द मोडत नाहीत. ज्यांना आजी-आजोबा, मामा-मामी यांचा आधार मिळाला त्यांची स्थिती स्पष्टच चांगली आहे. पाश्चात्त्य ग्रंथांत आई, वडील आणि मूल असा त्रिकोण असतो. आमच्या त्रिकोणाला मामाचे घर ही चौथी बाजू आहे. ती सर्वांना लाभत नाही, आणि लाभली तरी मामींच्या मनात काय असते हेही लेकरांना कळत असते. तरीही माझ्या मामांनी धान विकून माझी फी भरली, हे मी येथे कृतज्ञतेने नमूद करते.

काय करता येईल?

प्रथम आपल्या वडीलधाऱ्यांना विनंती. वेगळे व्हायचे असेल तर मुलांना सांगा. सारे तपशील नकोत; पण 'आता आपण येथेच राहणार आहोत, यात तुझी चूक नाही, बापाला भेटावेसे वाटले तर सांग' एवढी तीन वाक्ये पुरेशी आहेत. माझ्या आईने ती मला अठराव्या वर्षी सांगितली : "त्याच्यात तुही काही चूक नव्हती, बाई." हे वाक्य मला सातव्या वर्षी हवे होते. पूर्वीच्या पंचांच्या बैठकीत निदान गोष्ट चारचौघांत स्पष्ट होत असे, हा तिचा गुण मानावा लागेल. मात्र त्या बैठकीत बाईला व लेकराला बोलायला जागा नव्हती, आणि न ऐकणाऱ्याला वाळीत टाकण्याचा अन्याय तर इतका होता की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. तेव्हा जुने तसेच परत आणा असे माझे म्हणणे नाही. बैठक असो की न्यायालय, मुलाला विचारा आणि मुलाला सांगा.

दुसरी विनंती गुरुजनांना. हजेरी अचानक कमी झाली, फी थकली, पालक-मेळाव्याला कोणीच आले नाही, तर सर्वांसमोर कारण विचारू नये. तासानंतर बाजूला बोलावून दोन शब्द विचारले तर विद्यार्थी पुन्हा उभा राहतो. मी आठ दिवस आले नाही तेव्हा आमच्या मॅडमनी मला ग्रंथालयात पुस्तके लावायच्या कामाला बोलावले आणि काम करता करता सारे काढून घेतले. वॉलरस्टीन आणि बॉस यांची नावे मला त्याच कपाटापाशी कळली.

तिसरे, आपल्या हक्कांची माहिती. पोटगी केवळ पत्नीची नसते, अल्पवयीन मुलांचीही असते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली मागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली मागता येते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या २० व्या कलमाप्रमाणे अविवाहित मुलगी सज्ञान झाल्यावरही, स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर, वडिलांकडे खर्च मागू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रिया व मुलांना उत्पन्नाची अट न लावता वकिलाची मोफत मदत मिळते. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. मन फारच खचले तर शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. आम्हांला त्याचा लाभ नाही, पण आमच्यामागून येणाऱ्यांच्या अर्जांत आईला जागा असेल.

चौथे, आपण विद्यार्थ्यांनी एकमेकांसाठी करायचे. 'तुझे बाबा काय करतात?' हा प्रश्न ओळखीचा पहिला प्रश्न असायलाच हवा काय? 'तुमच्या घरी कोण कोण असतं?' असे विचारले तर प्रत्येकाला खरे उत्तर देता येते.

समारोप

सारांश, आईवडील वेगळे झाल्याने मुलांचे व्यक्तिमत्त्व नासतेच असे म्हणता येत नाही. त्यांना घासतात त्या तीन गोष्टी : घरातील सततचे भांडण, कोणी काही न सांगणे, आणि समाजाने नजर चुकवून केलेली कुजबूज. पहिली गोष्ट आपल्या हाती नसते. दुसरी वडीलधाऱ्यांच्या हाती आहे. तिसरी मात्र आपणा सर्वांच्या हाती आहे, आणि ती आजपासून थांबविता येते.

'कौटुंबिक विघटना'ची कारणे मी पुन्हा लिहायला बसले तर पुस्तकातली चार कारणे खोडणार नाही. त्यांच्याखाली दारू लिहीन, दारिद्र्य लिहीन, आईला कोणी विचारले नव्हते हे लिहीन. गुण मिळतील की नाही हे मात्र सांगता येत नाही.

माझा भाऊ यंदा दहावीत आहे. परवा त्याने शाळेचा अर्ज भरताना 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापुढे पेन थांबविले आणि माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, "शेती. तीन एकर, धानाची. मी पाहून आले आहे." त्याने लिहिले आणि मग विचारले, "मला नेशील का एकदा?" परीक्षा संपल्यावर त्याला घेऊन जाणार आहे.